ताळेबंदाखालची सही

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "सीए कर, आयुष्याचं कल्याण होईल." तोच मुलगा पुढे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आणि परीक्षांच्या फेऱ्यांत अडकला की त्याच घरात दुसरं वाक्य येतं, "अजून किती दिवस?" दोन्ही वाक्यं मायेपोटीच येतात. पण हे काम आतून कसं असतं, हे बोलणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सनदी लेखापालांची, म्हणजे सीएंची, संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली आणि आज तिचे चार लाखांहून अधिक सभासद आहेत. त्यांच्या कितीतरी पट माणसं बी.कॉम. होऊन, टॅली शिकून दुकानांत, कारखान्यांत, पतसंस्थांत आणि सहकारी सोसायट्यांत हिशेब लिहितात. या सगळ्यांमध्ये वावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. या व्यवसायात माणूस आकड्यांनी थकत नाही. कागद दुसऱ्याचे, ते कधी द्यायचे हे ठरवणारा दुसरा, तारीख सरकारची आणि चुकलं तर विचारणा मात्र आपल्याला, या मांडणीने तो थकतो. लोकांचे गैरसमज ही मांडणी झाकून ठेवतात.

"गणित चांगलं असलं की झालं"

बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी यांपलीकडचं गणित इथे फारसं लागत नाही. लागतो तो निवाडा. समजा, एका हॉटेलमालकाने स्वयंपाकघरात काम काढलं. फुटलेल्या फरशा काढून तशाच दुसऱ्या बसवल्या, तर ती दुरुस्ती झाली आणि ती यंदाच्या खर्चात जाईल. त्याच कामात भिंत पाडून बसायची जागा वाढवली असेल, तर तेवढा भाग भांडवली खर्च ठरतो आणि त्यावर दरवर्षी घसारा निघतो. बिल मात्र एकाच ठेकेदाराचं, एकाच रकमेचं, आणि त्यावर "काम केल्याबद्दल" एवढंच लिहिलेलं. अकाउंटंटला जाऊन जागा बघावी लागते, ठेकेदाराकडून फोड मागावी लागते आणि हे कशासाठी चाललंय हे मालकाला समजवावं लागतं.

इटलीतल्या लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धत मांडली. ते स्वतः गणिती होते, म्हणूनही कदाचित हा समज टिकला असेल. पण तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं होत नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला, तरी नावे आणि जमा दोन्ही बाजू पैशापैशाने जुळतात. चूक सापडते ती बिल वाचणाऱ्याला. म्हणून गणितात सामान्य, पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी आणि समोरच्याला न बिचकता प्रश्न विचारणारी मुलं या कामात पुढे जाताना दिसतात.

"मार्च संपला की अकाउंटंट मोकळा"

पूर्वी वर्षअखेरीला धावपळ आणि पाडव्याला नवी वही, असा एक लय असलेला काळ होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि वर्षाचं ओझं महिन्यामहिन्यांत वाटलं गेलं. वाटलं म्हणून हलकं झालं नाही. मासिक रिटर्न भरणाऱ्या एका मध्यम कारखान्याच्या अकाउंटंटचा साधा महिना पाहा. ७ तारखेला टीडीएसचा भरणा. ११ ला विक्रीचं रिटर्न. १५ ला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी. २० ला ३बी, म्हणजे कर भरून द्यायचं रिटर्न. मधल्या दिवसांत पगारपत्रक, बँकेची जुळवणी, पुरवठादारांची देणी, आणि खरेदीची बिलं पोर्टलवर दिसतात की नाही याची पडताळणी. तिमाही संपली की टीडीएसचं रिटर्न. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेला आगाऊ कर.

आणि हे झालं एका फर्मचं. सीएच्या ऑफिसात असे पन्नास-शंभर क्लायंट असतात आणि सगळ्यांची तारीख एकच असते. वर्षाच्या कामाचा खरा डोंगर तर एप्रिलनंतर येतो. पगारदारांचं रिटर्न ३१ जुलैपर्यंत, कर लेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, लेखापरीक्षण लागणाऱ्या क्लायंटचं रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत. महाराष्ट्राच्या पंचांगावर या तारखा ठेवून बघा. गणपती, नवरात्र, दसरा आणि बऱ्याचदा दिवाळीही याच पट्ट्यात येते. आरतीला पोचू न शकलेली माणसं या व्यवसायात घराघरांत आहेत.

"तारीख वाढतेच की," असं यावर म्हटलं जातं. २०२५ साली काय झालं ते आठवावं. रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, ते मे महिन्यातच कळलं होतं, तोवर ठीक. मग १५ सप्टेंबरला रात्री उशिरा आणखी एका दिवसाची वाढ आली, तेव्हा बहुतेक ऑफिसं जागून काम उरकत होती. लेखापरीक्षण अहवालाची तारीख सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात ३१ ऑक्टोबरवर गेली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस १० नोव्हेंबरवर. अशी शेवटच्या घटकेला आलेली मुदतवाढ विश्रांती देत नाही. ज्याने वेळेत कागद दिले त्याचं काम आधीच रात्री जागून झालेलं असतं. ज्याने दिले नाहीत तो ते आणखी पुढे ढकलतो, आणि पुढच्या वर्षी "वाढेलच तारीख" म्हणत आणखी निवांत बसतो. तारखा मार्चमध्येच ठरवून त्यांवर ठाम राहणं जास्त माणुसकीचं होईल, असं मला मनापासून वाटतं.

"सीए म्हणजे मार्ग काढून देणारा माणूस"

कर्ज हवंय, बँकेला पुढच्या तीन वर्षांचे अंदाजित आकडे हवेत, "साहेब, जरा चांगले दाखवा." मुलाला परदेशी शिकायला पाठवायचंय, मालमत्तेचा दाखला हवा, "जमीन माझीच आहे, सातबारा नंतर देतो." ही वाक्यं सीएच्या टेबलापाशी रोजची आहेत. बोलणारा माणूस वाईट नसतो. दाखला म्हणजे एक औपचारिकता, अशी त्याची समजूत असते.

२०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक दाखल्याला आणि अहवालाला यूडीन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, द्यावा लागतो. बँक तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून कागद खरा आहे का ते पाहू शकते. खोटा दाखला दिला तर शिस्तभंगाची कारवाई, सभासदत्वावर गंडांतर, प्रसंगी फौजदारी गुन्हा. क्लायंटचं कर्ज पाच-सात वर्षांत फिटतं. सही करणाऱ्याचं नाव त्या कागदावर कायम राहतं.

या व्यवसायातलं सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे "नाही" म्हणणं, आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात पुरेसं शिकवलं जात नाही. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या सीएला ते सगळ्यात जड जातं, कारण हातात क्लायंट मोजके असतात, ऑफिसचं भाडं डोक्यावर असतं आणि नाही म्हटलेला क्लायंट समोरच्या गल्लीत जातो. जाहिरात करून नवे क्लायंट मिळवायची मुभाही व्यवसायाच्या आचारसंहितेत डॉक्टर-वकिलांप्रमाणेच मर्यादित राहिली आहे. ओळखीतून ओळख, हाच मुख्य रस्ता. पहिली पाच वर्षं तग धरणाऱ्यांना नशीबवान म्हणण्याआधी त्यांनी कुठे कुठे सही नाकारली ते विचारावं.

"ऑडिट झालंय, म्हणजे घोटाळा नाही"

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि मुंबई-ठाण्यातल्या हजारो ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असं सांगितलं गेलं. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो बनावट खात्यांच्या आड लपवली गेली होती, असं तपासात पुढे आलं. तेव्हा बँकेच्या दारात उभ्या असलेल्या लोकांचा प्रश्न साधा होता: दरवर्षी ऑडिट होत होतं ना? त्याआधी दहा वर्षं, ७ जानेवारी २००९ ला, सत्यमच्या अध्यक्षांनी कंपनीचे आकडे वर्षानुवर्षं फुगवल्याची कबुली दिली तेव्हाही हाच प्रश्न होता.

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन भागांत द्यावं लागतं. पहिला भाग असा, की लेखापरीक्षक प्रत्येक व्यवहार तपासत नाही, तपासू शकत नाही. तो नमुने निवडतो आणि हिशेब एकंदरीत खरं व रास्त चित्र दाखवतात का, याबद्दल मत देतो. संशयाचं कारण समोर नसेल तर लेखापरीक्षकाने गुन्हे शोधणाऱ्यासारखं वागायची अपेक्षा नाही, असं इंग्लंडमधल्या न्यायालयाने किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात १८९६ सालीच म्हटलं होतं. वरपासून खालपर्यंत सगळे मिळून खोटे कागद तयार करत असतील, तर नमुना तपासणी सहज फसते.

दुसरा भाग व्यवसायातल्या लोकांना टोचणारा आहे, पण तो मांडायला हवा. १८९६ च्या त्या वाक्याआड फार काळ लपता येत नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार एक कोटी किंवा त्याहून मोठा गैरव्यवहार आढळला तर लेखापरीक्षकाने तो केंद्र सरकारला कळवायचा आहे. बड्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर नजर ठेवायला १ ऑक्टोबर २०१८ पासून एनएफआरए हे वेगळं प्राधिकरण आहे. आणि तरीही जुना पेच तसाच राहतो: ज्याचे हिशेब तपासायचे, त्याच्याच खिशातून फी येते. शिवाय प्रत्यक्ष व्हाउचर कोण बघतं? बहुतेक वेळा विशीतला आर्टिकल, म्हणजे उमेदवारी करणारा विद्यार्थी. त्याला चुकीचं काही दिसलं आणि वरिष्ठाने "सोड, पुढे चल" म्हटलं, तर बोलण्याची सोय त्याच्याकडे नसते. ऑडिटचा दर्जा वाढवायचा असेल तर त्या टेबलावरच्या सगळ्यात लहान माणसाच्या शंकेला लेखी जागा मिळाली पाहिजे.

"नापास झाला, म्हणजे अभ्यास केला नसेल"

सीएच्या परीक्षेत ग्रुपमधल्या प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपची सरासरी किमान ५० टक्के लागते. तीन पेपरांच्या ग्रुपमध्ये कुणाला ३०० पैकी १९० मिळाले, पण त्यांतल्या एका पेपरात ३९ असतील, तर तो नापास. दुसऱ्या कुणाला तिन्ही पेपरांत ४९ असतील, तोही नापास. दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांत उत्तीर्ण होणारे अनेकदा पाचांत एकही भरत नाहीत. एवढं नातेवाइकांनी समजून घेतलं तरी घरातली बोलणी बदलतील.

"हे काम आता कॉम्प्युटरच करेल"

काही काम खरोखरच गेलं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. लांबलचक बेरजा तपासणं, एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवणं, हे टॅलीसारख्या सॉफ्टवेअरने केव्हाच संपवलं. बँकेचं विवरण आपोआप वाचून नोंदी टाकणारी साधनंही आली. फक्त नोंदी टाकण्यावर ज्यांची नोकरी उभी आहे त्यांना धोका आहे, हे त्यांना वेळीच सांगायला हवं.

मात्र कायदा जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं संगणकात नसतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळणार नाही, असा नियम २०२३-२४ या वर्षापासून आयकरात आला. पुरवठादार नोंदणीकृत लघुउद्योग आहे का? तो माल बनवतो की नुसता विकतो? नुसत्या व्यापाऱ्याला हा नियम लागू नाही. हे कळायला अकाउंटंट लोकांनी शेकडो फोन केले.

गोव्यातलं उदाहरण तर मला फार आवडतं. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून पगार सोडून इतर उत्पन्न दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं निम्मं दाखवायचं असतं. म्हापशाच्या दुकानदाराचा नफा त्याच्या बायकोच्याही रिटर्नमध्ये जातो. मुळात त्या दांपत्याला हा कायदा लागू होतो का, हे माणसालाच विचारून ठरवावं लागतं.

शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा आला. लोकांच्या तोंडी बसलेलं ८०सी आता १२३ झालं. जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्या कायद्याने आणि नवी नव्या कायद्याने, असे दोन्ही कायदे आता काही वर्षं एकाच टेबलावर राहणार. पन्नाशीतल्या सीएलाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं आहे.

"मुलींसाठी बरं, बसल्या जागेचं काम"

आर. शिवभोगम यांनी १९३३ साली लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण केली आणि त्या भारतातल्या पहिल्या महिला लेखापाल ठरल्या. तेव्हापासून आजपर्यंत हे काम बसल्या जागेचं कधीच नव्हतं. ३१ मार्चला गोदामात उभं राहून माल मोजणं, बँकेच्या ऑडिटसाठी तालुक्याच्या शाखेत मुक्काम करणं, हे याच कामाचा भाग आहे. मुलींची अडचण कामात नसते. रात्री नऊला सुटल्यावर घरी कसं जायचं याची सोय ऑफिसने केलेली नसते, आणि बाळंतपणानंतर परत आलेल्या बाईला पुन्हा पहिल्या पायरीवर बसवलं जातं, ती खरी अडचण.

"रात्री जागल्याशिवाय काम येत नाही"

२०२४ साली पुण्यात एका बहुराष्ट्रीय फर्ममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण सीएचा मृत्यू झाला. कामाच्या असह्य ताणाबद्दल तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये लोकांसमोर आलं. मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध फर्मने नाकारला. केंद्रीय कामगार मंत्रालयाने दखल घेतली, आणि राज्याच्या कामगार खात्याच्या पाहणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं आढळलं. त्या आठवड्यांत या व्यवसायातले कितीतरी लोक पहिल्यांदाच उघडपणे बोलू लागले, आणि बोलताना बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच होतं: आम्हीही असेच दिवस काढले.

"आम्ही काढले, तुम्हीही काढा" हा युक्तिवाद म्हणून मला मान्य नाही. आर्टिकलशिपसाठी संस्थेने आठवड्याला ३५ तासांचं प्रमाण ठेवलं आहे. सप्टेंबरमध्ये किती ऑफिसांत ते पाळलं जातं, हे प्रत्येक आर्टिकलला माहीत आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. पण त्यातली बहुतेक कलमं दोन-चार माणसांच्या ऑफिसांना लागूच होत नाहीत, आणि महाराष्ट्रातली बरीचशी सीए ऑफिसं तेवढीच असतात. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली. आता कमी काळात तेवढंच शिकवायचं म्हणजे आर्टिकलला फाइलींच्या ढिगाऱ्यात बसवून ठेवणं परवडणारं नाही. रात्री अकरा वाजता टाकलेल्या नोंदीतून कुणी शिकत नाही. चुका मात्र होतात, आणि त्या निस्तरायला दुसऱ्या दिवशीची सकाळ जाते. ज्या ऑफिसात वरिष्ठ माणूस दुपारी अर्धा तास बसून "ही नोंद अशी का केलीस?" असं विचारतो, तिथली मुलं लवकर तयार होतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

"अकाउंटंट म्हणजे नुसता लिहिणारा"

हा समज सगळ्यात जास्त माणसांचं नुकसान करतो. बाजारपेठेतल्या दुकानाला स्वतःचा पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही. म्हणून एकच माणूस सोमवारी कापडवाल्याकडे, मंगळवारी हार्डवेअरवाल्याकडे, बुधवारी औषधाच्या एजन्सीत, असा फिरतो. त्याला नियुक्तिपत्र नसतं, भविष्य निर्वाह निधी नसतो, आजारपणाची रजा नसते. आजारी पडला तरी २० तारीख पुढे जात नाही. पोर्टल संथ चालतं. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक लग्नाला गेलेला असतो. रिटर्न चुकलं की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शून्य उलाढालीचं असेल तर २०. हे शुल्क भरायचं मालकाने, पण ते अकाउंटंटच्या पगारातून कापल्याची उदाहरणं गावोगावी आहेत. बिलं उशिरा कुणी दिली, याची नोंद कुठेच नसते.

ही नोंद ठेवायला हवी, आणि ती सोपी आहे. कोणती बिलं कोणत्या तारखेला हाती आली, याची पोच एका वहीत किंवा व्हॉट्सॲपवर घ्यायची. ओटीपीसाठी दुकानातला दुसरा कुणी माणूस ठरवून त्याचा नंबर पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून नोंदवायचा. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने शुल्क भरायचं, हे काम घेतानाच बोलून ठेवायचं. मालकाकडून मागायची गोष्ट एकच: महिन्याची सगळी बिलं पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. तेवढं झालं की ११ चं रिटर्न नवव्या तारखेला जातं, २० च्या आधी खरेदीची जुळवणी करायला आठवडाभर मिळतो, आणि ज्या पुरवठादाराने बिल पोर्टलवर चढवलेलं नाही त्याला भरदिवसा, दुकान उघडं असताना फोन करता येतो.